फरशी भरेपर्यंत

प्रवाळाची वाढती कड पांढरी असते. नख कापायला झालं की टोकाशी जेवढी पांढरी रेघ दिसते, साधारण तेवढीच. रेघेच्या मागे हिरवट-तपकिरी पापुद्रा आणि त्यावर मोहरीच्या दाण्याएवढी केशरी तोंडं. रेघेच्या पुढे उघडा दगड. प्रवाळ खुशाल असेल तर ही रेघ स्वच्छ राहते आणि गुपचूप पुढे सरकत असते. काही बिनसलं तर आधी तिच्यावर शेवाळाची लव चढते. ताईने भिंग टाकीच्या काचेला टेकवलं, एक डोळा मिटला आणि पाहिलं. लव नव्हती. रेघ दगडाच्या अगदी टोकापर्यंत आली होती आणि तिथून पुढे तिला जायला जागा नव्हती. पुढे फट होती, आणि फटीपलीकडे फरशीचा तुकडा.

“पोचलं?” मागून छोट्याने विचारलं.

“नाही अजून.”

“आळशी आहे लेकाचं,” तो म्हणाला, आणि दम घ्यायला थांबला. एका श्वासात आता त्याचं एवढंच बोलणं व्हायचं. “तुझ्यावर गेलंय.”

ताईने भिंग पुसून खणात ठेवलं आणि बाह्या कोपराच्या वर दुमडल्या. रविवार हा टाकी साफ करायचा दिवस.

छोट्या तिचा धाकटा भाऊ. पन्नाशीला टेकलेला, आणि उभा राहिला असता तर दाराच्या चौकटीला डोकं लागेल एवढा उंच. आता तो उभा राहत नव्हता. चाकांच्या खुर्चीत, मानेमागे उशी घेऊन, तो दिवसभर टाकीसमोर बसलेला असायचा. ताई सकाळी रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत जायची, लोकांच्या दंडाला पट्टा बांधून शीर शोधायची, कुप्या भरायची, आणि दुपारी घरी आली की त्याच्याजवळ बसायला ठेवलेली मावशी जायची. मग घरात ती दोघं आणि टाकी. ताईचं लग्न झालं होतं आणि मोडलंही होतं. त्याला इतका काळ लोटला होता की ते कुणा दुसरीच्या बाबतीत घडल्यासारखं वाटे. कामावर तिला सगळे सिस्टर म्हणत, शेजारी बाई म्हणत. ताई म्हणणारा जगात एकच माणूस उरला होता.

छोट्याने उभी हयात लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवली. बोटांतून स्क्रू निसटायला लागले तेव्हा त्याने आधी स्क्रूला शिव्या दिल्या, मग हातमोज्यांना, मग वयाला. शेवटी ताईनेच ओढून डॉक्टरांकडे नेलं. आजाराचं नाव लांबलचक होतं आणि अर्थ अगदी थोडक्यात सांगता येण्याजोगा: स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसा एकेक करून मरतात, बुद्धी शाबूत राहते, आणि औषध नाही. हात गेले, मग पाय. आता जिभेची आणि छातीची पाळी होती. झोपताना तोंडावर मास्क लावून एक छोटं यंत्र त्याला श्वास घ्यायला मदत करत असे. टाकीच्या पंपाची घरघर आणि या यंत्राचे सुस्कारे यांची ताईच्या कानांना इतकी सवय झाली होती की प्रयोगशाळेतली शांतता तिला खटकायची.

टाकी त्याची, हात तिचे, असा आता कारभार होता. तो डोळ्यांनी दाखवायचा, ती करायची. मिठाचं पाणी कालवणं, त्याचा खारेपणा मोजणं, आटलेल्या पाण्याच्या जागी गोडं पाणी घालणं, हे सगळं ती शिकली होती. सुरुवातीला तिच्या हातून शिंपला जरी सरकला तरी तो कळवळायचा. एकदा म्हणाला होता, लोकांच्या शिरेत सुई घालताना हात कापत नाही, आणि माझ्या शिंपल्याला हात लावताना भूकंप होतो.

त्या टाकीत मासे नावापुरते होते. खरा मुक्काम प्रवाळांचा, आणि त्यातही या एकाचा. ते फांद्या फुटणाऱ्या जातीचं नव्हतं. दुधावर साय धरावी तसं ते दगडावर धरायचं, त्याच्या खाचाखोचा भरत पसरायचं, आणि एका दगडावरून शेजारच्या दगडावर असं चढत जायचं की दोन दगडांमधला सांधासुद्धा दिसू नये. दहा-बारा वर्षांपूर्वी टेलरने त्याला नखाएवढा तुकडा दिला होता. टेलर म्हणजे कोपऱ्यावरचा शिंपी. त्यालाही हाच नाद, म्हणून दोघांची गट्टी. या नादातल्या लोकांची एक रीत असते: आपल्याकडे काही चांगलं वाढलं की त्याचा तुकडा दुसऱ्याच्या टाकीत नेऊन लावायचा. त्यात दानशूरपणा काही नसतो. एकाची टाकी बसली, आतलं सगळं मेलं, तर दुसऱ्याकडून पुन्हा आणता यावं, एवढाच हिशेब. टेलरची टाकी पुढच्याच वर्षी बसली. पाणी ऊबदार ठेवणारी कांडी बिघडली, बंदच होईना, आणि तो दुकानातून घरी येईस्तोवर सगळं शिजून गेलं होतं. त्याने बरीच वर्षं पुन्हा टाकी मांडली नाही, पण आला की छोट्याच्या टाकीकडे बोट दाखवून म्हणायचा, ते माझं आहे, तुझ्याकडे नुसतं ठेवायला दिलंय. यंदा दुकान मुलीच्या हाती देऊन तो मोकळा झाला आणि त्याने नवी टाकी मांडली. छोट्याने ठरवलं की याचं याला परत द्यायचं.

ठरवणं सोपं होतं. साय दुधावरून उचलता येते, हे प्रवाळ दगडावरून सोलता येत नाही. दगड उचलावा तर सगळे दगड त्यानेच एकमेकांना जखडलेले. ताईने एकदा छिन्नी लावून पाहिली होती. ढलपी निघाली ती वेडीवाकडी, आणि आठवड्याच्या आत पांढरी पडून मेली. तेव्हा छोट्याने दुसरी युक्ती सांगितली. फरशीचे छोटे तुकडे करायचे, खरखरीत बाजू वर ठेवायची आणि प्रवाळाच्या कडेला घट्ट भिडवून एकामागे एक मांडायचे. त्याला वाटतं, पुढचा दगड आला, आणि ते आपणहून त्यावर चढतं. फरशी भरली की सांध्यावर पातं फिरवायचं आणि फरशी उचलायची. हललो हे त्याचं त्यालाही कळत नाही. फक्त वाट पाहायची तयारी हवी.

फरश्या मांडल्या आणि थोड्याच दिवसांत डॉक्टरांनी तो प्रश्न विचारला.

डॉक्टर तरुण होत्या, शांत होत्या, आणि गोष्ट गोल फिरवून सांगत नसत. त्या म्हणाल्या की मास्कवर काम आता फार दिवस भागणार नाही. मग दोन वाटा आहेत. एक म्हणजे गळ्याला छिद्र पाडायचं, त्यात नळी घालायची आणि ती कायमची श्वासाच्या मशीनला जोडायची. तसं केलं तर काही वर्षं मिळतील. आवाज जाईल, पुढे कदाचित डोळे तेवढे हलतील. दुसरी वाट म्हणजे तसं काही करायचं नाही, जीव घुसमटणार नाही एवढी औषधं द्यायची आणि होईल ते होऊ द्यायचं. निवड छोट्याची. पण त्याने ती सांगायला हवी, आणि त्यांना ती त्याच्याच तोंडून ऐकायची होती, तोंड चालतंय तोवर. न सांगता एखाद्या दिवशी तो गुदमरून इथे आला, तर जो कुणी कामावर असेल तो नळी घालणार, कारण त्याला दुसरं काही करता येणार नाही.

छोट्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, “फरश्या भरू देत. मग सांगतो.”

डॉक्टरांना वाटलं, घराचं काम काढलंय. ताईने खुलासा केला. डॉक्टर हसल्या, पण हसताना त्यांनी ताईकडे पाहिलं ते हसण्यासारखं नव्हतं.

बाहेर आल्यावर त्याला गाडीत बसवताना ताईच्या मनाने उत्तर ठरवून टाकलं होतं. त्याच्या महिनाभर आधी, तपासण्यांसाठी तो वॉर्डात होता तेव्हा, शेजारच्या खाटेवर मशीनला जोडलेला एक माणूस होता. छोट्या दिवसभर त्याच्याकडे बघत राहिला होता. संध्याकाळी त्याने ताईला एवढंच विचारलं होतं की याला कुणी विचारलं होतं का. तो नको म्हणणार, हे ताईला तेव्हापासून ठाऊक होतं.

पहिल्यांदा फरशी सरकली ती चुकून. काचेवरचं शेवाळ खरवडताना ताईचं मनगट तिला लागलं. केसभर फट पडली. ती नीट करायची म्हणून तिने हात खाली नेला, तेवढ्यात मागून त्याने विचारलं, पोचलं का. ती नाही म्हणाली, आणि तो म्हणाला, मग थांबू. मग थांबू, म्हणजे आणखी एक आठवडा. ताईने हात पाण्यातून बाहेर काढला आणि पुसला.

त्यानंतर चूक उरली नाही. कड फटीवरून पलीकडे पोचेल असं दिसलं की रविवारी काच साफ करता करता ती बोटाच्या टोकाने फरशी जरा मागे लोटायची. तिची पाठ त्याच्याकडे असायची. रक्ताच्या तपासण्यांत तिने आयुष्यात एक आकडा इकडचा तिकडे केला नव्हता. एकदा मालकाने ओळखीच्या माणसासाठी गळ घातली तेव्हा नोकरीवर पाणी सोडायची तिची तयारी होती. आणि आता ती दर आठवड्याला आपल्या भावाला “नाही अजून” असं सांगायची, आणि ते खरंही असायचं.

त्या रविवारी दुपारी टेलर आला. गळ्यात मापाची टेप तशीच होती. दुकान सोडलं तरी टेप काही सुटली नव्हती. त्याने छोट्याच्या खांद्यावर हात ठेवला, बारीक झालास, शर्ट आत घ्यावा लागेल, असं म्हणाला. छोट्या म्हणाला, घे, पण मापं आत्ताच घे, पुन्हा कमी होतील. दोघे हसले. छोट्याला हसणं आता आवरता येत नसे, ते खोकल्यात जायचं. ताईने त्याला पुढे झुकवून धरलं, घशात साचलेलं यंत्राने ओढून काढलं, तोंड पुसलं. टेलर तेवढा वेळ टाकीकडे तोंड करून उभा राहिला. सभ्यपणा म्हणून तो तिकडे वळला होता, पण मग तिथेच वाकला आणि बराच वेळ वाकून राहिला.

निघताना त्याने ताईला जिन्यापर्यंत यायची खूण केली.

“बाई, फरशी सरकतेय,” तो म्हणाला.

ताई म्हणाली, टाकीत गोगलगायी फार झाल्यात, त्याच हलवत असतील.

“त्या सगळ्याच बाजूंना हलवतील. ही सरळ मागे जातेय, शिवणीसारखी.” त्याने टेप गळ्यातून काढून बोटाला गुंडाळली, पुन्हा सोडली. “आणि कडेला ओठ फुटलाय, बघितलात का? खाली दगड नाही म्हणून ते अधांतरीच वाढायला लागलंय. फटीवरून हात पुढे केल्यासारखं. थांबत नाही ते.”

जिन्यात खालच्या मजल्यावरच्या कुणीतरी कपडे धुतल्याचा साबणाचा वास होता. टेलर म्हणाला की त्याला स्वतःला काही घाई नाही, त्याची टाकी कुठे पळून जात नाही. पण फरश्या भरल्या की डॉक्टरांना उत्तर द्यायचंय, हे छोट्या त्यालाही बोलला होता, म्हणून विचारतो.

“तो नको म्हणेल,” ताई म्हणाली. “मी ओळखते त्याला.”

“आणि हो म्हणाला तर?”

इतक्या महिन्यांत तिने एकदाही हा विचार केला नव्हता. तो हो म्हणेल, मशीन लावा म्हणेल, पुढची वर्षं डोळ्यांनी टाकीत काय हलवायचं ते सांगत बसेल. आणि ते म्हणायची संधीच तिने त्याला दिलेली नाही, असंही असू शकत होतं. टेलर खाली गेला. ताई कठड्याला धरून उभी राहिली. तिच्या मनात एक आशा आली, आणि तिची तिला मुळीच सवय उरली नव्हती.

तरी पुढचे काही रविवार तसेच गेले. आता ती फरशी मागे लोटत नव्हती, एवढंच. पुढेही आणत नव्हती. आपण काहीच करत नाही, म्हणजे आपला दोष नाही, अशी तिने स्वतःची समजूत घातली होती. दरम्यान छोट्याच्या बोलण्यातली ओठांची अक्षरं गेली. प, ब आणि म यांना ओठ मिटावे लागतात, आणि त्याचे ओठ मिटेनात. मग जीभ जड झाली. मावशीला त्याचं बोलणं कळेना, टेलरला निम्मं कळे. ताईला सगळं कळायचं. ती त्याच्या चेहऱ्याकडे पाहायची, आवाजाचे चढउतार ऐकायची, आणि उरलेलं तिला आधीच माहीत असायचं. फोनवरून टेलर काही विचारायचा तेव्हा छोट्या बोले आणि ताई ते शब्दाला शब्द पुढे सांगे. एकदा तिने टेलरला उद्देशून दिलेली शिवी गाळली, तर छोट्याने तिला ती परत सांगायला लावली.

एका दुपारी सूप पाजताना त्याला ठसका लागला आणि तो थांबेना. ओठ निळसर झाले. मास्क लावून, पाठ चोळून, घसा साफ करून ताईने त्याला ताळ्यावर आणलं. तिने त्याला खुर्चीत सरळ बसवलं, उशी ठीक केली, आणि एकाएकी तिला वाटलं की आता एक दिवससुद्धा हे असं ठेवता येणार नाही. तो हो म्हणो की नको म्हणो, त्याला म्हणू दिलं पाहिजे. रविवार नव्हता, बाहीसुद्धा तिने दुमडली नाही. तशीच टाकीपाशी गेली, हात पाण्यात घातला आणि फरशी पुढे लोटून कडेला भिडवली.

आवाज अगदी लहान झाला. बिस्किट मोडावं तेवढाच, तोही पाण्यातून आलेला. फटीवरून पुढे आलेला तो ओठ, टेलरने सांगितलेला, तिच्या ध्यानात राहिला नव्हता. फरशीची धार त्याच्यावर बसली होती. सगळ्या महिन्यांची वाढ मोडून वाळूत पडली, तुकड्यातुकड्यांनी, आणि मोडलेल्या कडेतून पांढरा चिकट धागा पाण्यात तरंगायला लागला.

ती हात तसाच ठेवून उभी राहिली. ब्लाउजची बाही खांद्यापर्यंत भिजत चालली होती.

मागून छोट्याने काहीतरी म्हटलं. तो म्हणत होता, तुटलं ना. ती हो म्हणाली. तो म्हणाला, पातळ होता फार. खालून आधार नव्हता.

“तुला दिसत होता?” तिने वळून विचारलं.

त्याने जे सांगितलं ते सांगायला त्याला बराच वेळ लागला, मध्ये दोनदा थांबावं लागलं. पण ताईला ते सगळं स्वच्छ ऐकू आलं. “अख्खा जन्म फटी बघण्यात गेला, ताई. लिफ्टचा तळ आणि मजला, त्यांच्यामधल्या. केसभर खालीवर असलं तरी लांबून कळतं मला.”

“मग बोलला का नाहीस?”

“तू पण कुठे बोललीस.” तो दम घेत राहिला. “तू लोटायचीस. मला बरं वाटायचं. आणखी एक आठवडा.”

ताई खाली बसली. ओल्या हाताने तिने त्याचा गुडघा धरला. त्याला स्पर्श कळत होता, फक्त हलवता काही येत नव्हतं. थोड्या वेळाने तो म्हणाला की तुकडे वाळूत पडून राहिले तर सडतील. मग ती उठली. चिमट्याने तिने एकेक तुकडा वेचून काढला. बहुतेक भुगा होता. एकच नखाएवढा तुकडा धड निघाला, त्यावर तोंडं मिटलेली पण शाबूत होती. त्याने सांगितलं तसा तिने तो त्याच फरशीवर झटपट चिकटणाऱ्या गोंदाने बसवला, फरशी डब्यात पाण्याखाली ठेवली आणि टेलरला फोन केला. टेलर चपला न घालताच धावत आला, डबा छातीशी धरून घेऊन गेला.

त्याने तो तुकडा जपण्यात काही कसर ठेवली नाही. उजेड कमी केला, पाण्याचा झोत वळवला, रोज फोन करून छोट्याला विचारलं की आता काय करू. छोट्या सांगायचा, ताई पुढे पोचवायची. पहिल्या दिवसांत तोंडं थोडी उघडली होती. मग पापुद्रा एका बाजूने फिका पडायला लागला. शेवटी टेलर स्वतः आला. दारातच त्याच्या चेहऱ्यावरून कळलं. छोट्यासमोर स्टूल ओढून तो बसला आणि गुडघ्यांवर हात ठेवून म्हणाला, “गेलं रे. मी नाही राखू शकलो.”

छोट्याने डोळे मिटले, उघडले. मग ताईकडे पाहून बोलला. ताईने सांगितलं, “तो म्हणतोय, तुझ्या हातात कधी काही टिकलंय का. मागच्या वेळी शिजवलंस.”

टेलर हसला आणि त्याने मापाच्या टेपच्या टोकाने डोळे पुसले. जाताना तो म्हणाला की मोठी कड सावरली असेल तर पुन्हा फरश्या लावू, घाई नाही. मोठ्या कडेवर, मोडलेल्या जागी, ताईने सकाळीच भिंगातून पाहिलं होतं. तिथे बारीक हिरवी लव होती. तिने ते त्याला सांगितलं नव्हतं, पण भिंग खाली ठेवताना तिने वळून पाहिलं तेव्हा तो तिच्याकडेच बघत होता.

रात्री मास्क लावण्याआधी त्याने तिला डॉक्टरांची वेळ घ्यायला सांगितलं. ताई म्हणाली, पुढच्या महिन्यात आहेच की. तो म्हणाला, या आठवड्यात घे.

डॉक्टरांच्या खोलीत खिडकीवर पडदा होता आणि टेबलावर कागदांच्या ढिगाशेजारी एक बंद पडलेलं घड्याळ. ताईने खुर्ची भिंतीला लावून चाकं अडवली, त्याची मान सरळ केली, हनुवटीखालचा रुमाल बदलला. हे सगळं तिने आवश्यकतेपेक्षा हळू केलं. डॉक्टरांनी घाई केली नाही. त्यांनी छातीला स्टेथोस्कोप लावून श्वास ऐकला, आकडे पाहिले, आणि खुर्ची ओढून त्याच्यासमोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ बसल्या. मग त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला, तेवढ्याच सावकाश, दोन्ही वाटा पुन्हा सांगून.

छोट्या बोलला. मोठं वाक्य होतं. दोन श्वासांत त्याने ते पुरं केलं. चेहरा लाल झाला, मानेच्या शिरा तटतटल्या. खोलीत फक्त स्वर ऐकू आले, लांबट, एकात एक मिसळलेले.

डॉक्टर पुढे झुकून शेवटपर्यंत ऐकत होत्या. “माफ करा,” त्या त्याला म्हणाल्या. “मला एकही शब्द नाही कळला. पुन्हा सांगाल?”

त्याने पुन्हा सांगितलं. या वेळी आवाज आणखी लहान निघाला. डॉक्टरांनी मान हलवली, पण ते मान हलवणं समजल्याचं नव्हतं. फरश्या मांडल्या त्या दिवसांत तो बोलला असता तर त्यांना कळलं असतं. तेव्हा त्याचं बोलणं कुणालाही कळत होतं.

त्या ताईकडे वळल्या. “तुम्हाला कळलं?”

ताईला पहिल्याच वेळी कळलं होतं. तिने छोट्याकडे पाहिलं. तो तिच्याकडे पाहत नव्हता. इतक्या बोलण्याने थकून त्याने डोळे मिटले होते आणि डोकं उशीवर टाकलं होतं. त्याचं काम झालं होतं. बाहेर कुणीतरी चाकांची खाट ढकलत नेली, तिचं एक चाक कुरकुरत होतं, ते कॉरिडॉरच्या टोकापर्यंत ऐकू येत राहिलं. डॉक्टर हातात पेन धरून थांबल्या होत्या.

“तो म्हणतोय,” ताई म्हणाली, आणि पुढचं तिने एकही शब्द न गाळता सांगितलं. “तो म्हणतोय, गळ्याला भोक पाडायचं नाही. श्वास थांबला की थांबू द्यायचा.”